भीमगीताच्या कव्हरवर कवीचे नाव कुठे आहे?



१४ एप्रिल जवळ आला की मोबाईलवर भीमगीतांचा पाऊस सुरू होतो. नवी गाणी येतात, जुन्या गाण्यांचे डीजे मिक्स येतात, नॉनस्टॉप येतात. या प्रत्येकावर एक चित्र असते. निळी पार्श्वभूमी, सुटातले बाबासाहेब, मागे दीक्षाभूमीचा स्तूप नाहीतर संसद, कोपऱ्यात अशोकचक्र आणि खाली चॅनेलचा लोगो. गायकाचे नाव असते. कधी कधी डीजेचे नाव गायकापेक्षा मोठ्या अक्षरात असते. गाणे ज्याने लिहिले त्याचे नाव मात्र शोधावे लागते, आणि पुष्कळदा शोधूनही सापडत नाही.

यावर बोलले की आपलेच कार्यकर्ते म्हणतात, ‘चित्राचे काय घेऊन बसलात? गाणे ऐका.’ मला हे पटत नाही. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावण्यासाठी, पुतळा चौकात उभा करण्यासाठी, विद्यापीठाच्या कमानीवरच्या नावासाठी ज्या समाजाने लाठ्या-गोळ्या खाल्ल्या, त्या समाजाला चित्र आणि नाव म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नाही. मग आपल्याच गाण्याच्या कव्हरबाबत आपण एवढे बेफिकीर का? गाण्याचे कव्हर तीन प्रश्नांची उत्तरे देते: गाणे कशाबद्दल आहे, ते कुणी केले आणि ते कुणाला विकायचे आहे. आपल्या गाण्यांच्या कव्हरवर यातल्या तिसऱ्याच प्रश्नाचे उत्तर तेवढे ठळक असते. पहिली दोन उत्तरे पुसली जात आहेत, आणि त्यांच्यासोबत आपल्या चळवळीचा इतिहासही पुसला जातो आहे.

चेहरा कुणाचा लावायचा?

रेकॉर्डच्या कव्हरवर चित्र छापण्याची पद्धत फार जुनी नाही. त्याआधी रेकॉर्ड साध्या कागदी नाहीतर पुठ्ठ्याच्या वेष्टनात विकल्या जात. अमेरिकेत कोलंबिया कंपनीचा ॲलेक्स स्टाइनवाइस या चित्रकाराने १९४० च्या सुमारास कव्हरवर चित्रे काढायला सुरुवात केली. खप वाढला आणि सगळ्या कंपन्या त्या वाटेने गेल्या. म्हणजे कव्हरचा जन्मच विक्रीसाठी झाला. गिऱ्हाईक गाणे ऐकण्याआधी चित्र बघते, म्हणून चित्र गिऱ्हाइकाला आवडेल असे हवे, हा त्यामागचा हिशेब. गिऱ्हाईक गोरे आणि गाणारा काळा असेल तर हा हिशेब काय करतो, ते अमेरिकेतच दिसले.

१९५७ साली माइल्स डेव्हिस या काळ्या जॅझ कलावंताचा ‘माइल्स अहेड’ हा अल्बम निघाला. कव्हरवर शिडाच्या होडीत बसलेली गोरी बाई आणि एक मूल. वाजवणारा माइल्स कुठेच नाही. त्याने कंपनीकडे हरकत घेतली आणि पुढच्या आवृत्तीत त्याचा स्वतःचा फोटो आला. १९६१ च्या ‘समडे माय प्रिन्स विल कम’ या अल्बमवर त्याने आपल्या काळ्या पत्नीचा, फ्रान्सिस टेलरचा चेहरा लावला. आवाज आमचा आणि चेहरा दुसऱ्याचा, हे चालणार नाही, असे त्याने कंपनीला कव्हरवरच बजावले. पण प्रत्येकाला ते जमत नव्हते. १९६६ साली आयस्ली ब्रदर्स या काळ्या भावांच्या गटाचा अल्बम निघाला, त्यावर समुद्रकिनाऱ्यावरचे गोरे जोडपे होते. विशेष म्हणजे तो काढणाऱ्या मोटाउन कंपनीचा मालकही काळा होता. बाजाराचे दडपण आपल्या माणसाच्या हातूनही तेच काम करून घेते, हे इथे लक्षात ठेवले पाहिजे.

याच्या उलट उदाहरण १९६० चे. ड्रमवादक मॅक्स रोच याचा ‘वी इन्सिस्ट’ हा अल्बम. त्या वर्षी फेब्रुवारीत ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या उपाहारगृहाच्या काउंटरवर जाऊन बसले होते आणि ते आंदोलन दक्षिणेत सगळीकडे पसरले होते. मॅक्स रोचच्या कव्हरवर तेच आहे: काउंटरवर बसलेले तीन काळे तरुण मागे वळून थेट आपल्याकडे बघत आहेत आणि काउंटरपलीकडे गोरा वाढपी उभा आहे. आतले संगीत गुलामगिरीपासून आफ्रिकेच्या स्वातंत्र्यापर्यंतची कहाणी सांगते. चित्र आणि संगीत एकच गोष्ट दोन भाषांत बोलतात. पाणी पिण्यासाठी चवदार तळ्यावर गेलेल्यांच्या वारसांना हे कव्हर समजावून सांगावे लागणार नाही. हॉटेलातली वेगळी कपबशी ज्यांनी पाहिली, त्यांना तर नाहीच नाही.

ही सगळी अमेरिकेतली जुनी गोष्ट झाली, असे कुणी म्हणेल. मग आपल्या देशातली अलीकडची पाहू. मार्च २०२१ मध्ये ‘एन्जॉय एन्जामी’ हे तमिळ गाणे आले आणि जगभर गाजले. ते लिहिले अरिवु या आंबेडकरवादी कवीने, आणि धी या गायिकेसोबत गायलेही त्यानेच. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेल्या, तिथून परत पाठवल्या गेलेल्या भूमिहीन माणसांची कहाणी त्याच्या स्वतःच्या आजीची कहाणी आहे, आणि ती आजी व्हिडिओतही दिसते. असे असून यूट्यूबवरच्या नावात अरिवु ‘फीचरिंग’ म्हणून आला, म्हणजे जणू पाहुणा. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’ मासिकाच्या मुखपृष्ठावर या गाण्याच्या निमित्ताने धी झळकली. सोबत ‘नीये ओली’ या दुसऱ्या गाण्याचा गायक शॉन व्हिन्सेंट डी पॉल होता. दोन्ही गाण्यांचा कवी अरिवु मात्र चित्रात नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीरपणे हा प्रश्न विचारला, देशभर आवाज उठला, तेव्हा मासिकाने अरिवुचे वेगळे डिजिटल मुखपृष्ठ काढले.

यात धीचा आवाज कमी लेखण्याचा प्रश्न नाही. मुद्दा साधा आहे. ज्याच्या आजीच्या घामातून गाणे आले, तोच मुखपृष्ठावरून गळतो आणि ते कुणाला खटकतही नाही. ‘लक्षात आले नाही’ हे उत्तर जातिव्यवस्थेचे जुने उत्तर आहे.

आपली सही गाण्याच्या आत होती

आता आपल्या घरात डोकावू. आंबेडकरी जलशांना कव्हर नव्हते. भीमराव कर्डक आणि त्यांच्या काळातले जलसाकार गावोगाव उभे राहून गात, तेव्हा गाणारा समोर दिसत होता. त्याचे गाव, त्याचे कष्ट, त्याची भाकरी लोकांना ठाऊक होती. पुढे गाणी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाऊ लागली, तरी कवी हरवला नाही, कारण त्याने सही गाण्याच्या आत केली होती. वामनदादा कर्डकांची गाणी आठवा. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतोच. ही आपल्या मातीतली जुनी रीत आहे. तुकोबांच्या अभंगात ती आहे, कबिराच्या दोह्यात आहे, शाहिरांच्या पोवाड्यात आहे. ज्यांच्या हातात छापखाना नव्हता, कंपनी नव्हती, त्यांनी आपले नाव सुरात बांधून ठेवले. कव्हर गाण्याच्या पोटातच होते म्हणा ना.

मग ध्वनिमुद्रिका आल्या आणि १९८० च्या दशकात कॅसेट आली. कॅसेटने आपले भले केले यात शंका नाही. टेपरेकॉर्डर वस्तीत पोहोचला, छोट्या कंपन्या निघाल्या. आकाशवाणीने ज्यांना क्वचित दार उघडले, ते आवाज रिक्षात, टपरीवर, लग्नाच्या मांडवात घुमू लागले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते यांचे आवाज घराघरांत गेले.

पण कॅसेटसोबत तिच्या डबीतले कार्डही आले आणि त्या कार्डावर काय छापायचे हे कंपनी ठरवू लागली. प्रल्हाद शिंद्यांचेच पाहा. त्यांनी भीमगीते गायली, विठ्ठलाची भक्तिगीतेही गायली. आवाज एकच. एका कार्डावर विठोबा, दुसऱ्या कार्डावर बाबासाहेब, आणि दोन कार्डांची गिऱ्हाइके वेगळी. आषाढीला ज्यांच्या अंगणात हा आवाज वाजतो, त्यांतल्या कितीजणांनी हा माणूस कोणत्या वस्तीतून आला याची कधी चौकशी केली? कंपनीला ते सांगण्याची गरज नव्हती. तिने गिऱ्हाईक बघून चित्र बदलले.

कायदाही इथे कंपनीच्याच बाजूने उभा आहे. कॉपीराइट कायद्यात १९८४ साली कलम ५२-अ घातले गेले, चोरट्या कॅसेटना आळा बसावा म्हणून. ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर तीन गोष्टी छापल्याच पाहिजेत, असे ते सांगते: ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव-पत्ता, कॉपीराइटच्या मालकाचे नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचे वर्ष. या यादीत कवी नाही, गायक नाही, ढोलकी वाजवणारा नाही. म्हणजे कव्हरवर मालकाचा पत्ता असणे ही सक्ती, आणि शब्द लिहिणाऱ्याचे नाव ही मेहेरबानी.

त्याच कायद्याच्या कलम ५७ नुसार मात्र, हक्क विकले तरी आपल्या कृतीवर स्वतःचे नाव सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकाराला आपला रॉयल्टीचा वाटा कंपनीच्या नावे कायमचा लिहून देता येत नाही. पण हे हक्क मागायचे तर आधी गाणे कुणाचे हे कुठेतरी लिहिलेले असावे लागते. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट चालतो, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. कव्हरवर नाव नाही, म्हणून हक्काचा विषयच निघत नाही. दलित शाहिरांच्या कुटुंबांच्या हलाखीच्या बातम्या आपण दरवर्षी हळहळत वाचतो. त्या हलाखीची एक वाट या कोऱ्या कव्हरमधून जाते.

शेवटचे कडवे कापले जाते तेव्हा

आजचे कव्हर म्हणजे यूट्यूबचे थंबनेल, मोबाईलवरचा अंगठ्याएवढा चौकोन. त्यात मावेल तेवढेच राहते, आणि काय मावते हे क्लिक ठरवतात. इथे एक गोष्ट घडते आहे, तिच्याकडे आपले पुरेसे लक्ष नाही.

डीजे मिक्ससाठी गाण्याचा मुखडा आणि एखादे कडवे पुरते. रीलसाठी तर तीस सेकंद पुरतात. मग कापले काय जाते? शेवटचे कडवे. आणि शेवटच्या कडव्यातच कवीची सही असते. पूर्वी कॅसेटच्या कार्डावर नाव नसले तरी गाण्यात होते. आता गाण्यातूनही गेले आणि चित्रावर तर नव्हतेच. दोन्हीकडून पुसले गेलेले हे गाणे उद्या ‘पारंपरिक’ ठरेल. परवा एखादा सिनेमावाला ते उचलेल आणि शीर्षकात ‘लोकगीत’ लिहील. लोककला म्हणून आपली कला घ्यायची आणि लोक कोण ते सांगायचे नाही, हा खेळ आपल्याला नवा नाही.

दुसरी गोष्ट चित्राची. गाणे सांगते अभ्यास करा, संघटित व्हा, आणि चित्रात बाबासाहेबांच्या डोक्यामागे देवासारखी प्रभा. गाणे रमाईच्या उपाशी दिवसांचे, आणि चित्रात तिच्या चेहऱ्यावर गुळगुळीत फिल्टर. आता कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रे आली आहेत. त्यांत बाबासाहेब सिंहावर बसतात, पिळदार दंड दाखवतात, ढगांतून उतरतात. चष्मा, पुस्तक, पेन मागे पडतात. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला होता. आपली गाणी तो इशारा सांगतात आणि त्याच गाण्यांची कव्हरे तो मोडतात. वस्तीतल्या दहा वर्षांच्या पोराला गाण्याचे शब्द नंतर कळतात, चित्र आधी दिसते. त्याच्या मनात कोणते बाबासाहेब घर करतील, ते ग्रंथालयात बसलेले की ढगांतून उतरणारे, हे आज एखादे फुकटचे ॲप ठरवते आहे.

‘बाबासाहेबांचा फोटो आहे, अजून काय हवे?’

या मांडणीवर दोन आक्षेप येतात. दोन्ही मनापासूनचे आहेत, म्हणून उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप: बाबासाहेबांचा फोटो हेच आपले कव्हर आहे, आणि तो फोटो लावणे हीच लढाई आहे. हे खरे आहे. २०१५ साली शिर्डीत मोबाईलवर भीमगीताची रिंगटोन वाजली म्हणून एका तरुणाला मारून टाकल्याची बातमी आपण विसरलेलो नाही. त्या रिंगटोनला कव्हर नव्हते, तरी मारणाऱ्यांना ती कुणाची हे बरोबर कळले. ज्या देशात हे घडते तिथे निळा रंग आणि तो फोटो अभिमानाने लावलाच पाहिजे. १९४२ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या झेंड्यापासून हा निळा आपला आहे, तो कुणी सोडा म्हणत नाही. पण शंभर गाण्यांवर एकच चित्र असेल तर ते चित्र त्या शंभरांपैकी कोणत्याच गाण्याबद्दल काही सांगत नाही. महाडचे गाणे, मनुस्मृती दहनाचे गाणे, रमाईचे गाणे, बेकार पदवीधराचे गाणे, सगळ्यांवर तोच सूट आणि तेच बोट. बाबासाहेबांनी प्रत्येक प्रश्नावर वेगळा ग्रंथ लिहिला, आणि आपण प्रत्येक गाण्याला एकच मुखपृष्ठ लावतो.

दुसरा आक्षेप: गाणे समाजाचे असते, नाव कशाला हवे? नाव मिरवणे हा व्यक्तिवाद आहे. मित्रहो, हा त्याग नेहमी गरीब कवीकडूनच का मागितला जातो? कंपनीने लोगो सोडला का? चॅनेलने आपले नाव काढले का? आणि शाहिरांनी तर स्वतःच नाव गाण्यात गुंफले होते. त्यांना अनामिक राहायचे असते तर त्यांनी ते गुंफले नसते.

बायकांबाबत तर हे दुप्पट लागू आहे. जात्यावर भीमाच्या ओव्या गाणाऱ्या बायांना कुणी कवयित्री म्हटले नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाने वेगळी वाट दाखवली. आज हा संग्रह ‘पारी’वर आहे. तिथे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव येते, जमेल तिथे फोटोही येतो. माजलगावच्या भीमनगरातल्या ओव्या आज आपण त्या बायांच्या नावानिशी ऐकू शकतो. कडूबाई खरात घराघरांत पोहोचल्या त्या साध्या मोबाईल व्हिडिओने. त्यात दुसरी सजावट नव्हती. हातात एकतारी घेतलेली बाई हेच त्या गाण्याचे कव्हर होते, आणि गाण्यातली कृतज्ञता त्या चेहऱ्यावर दिसत होती. खरे कव्हर महागच असावे लागते असे नाही.

मग करायचे काय?

हे काम कंपन्या करणार नाहीत, आपल्याला करावे लागेल. त्यासाठी निधी लागत नाही.

एक, मंडळाने, चॅनेलने किंवा कुणा तरुणाने भीमगीत अपलोड केले तर चित्रावरच कवी, गायक आणि संगीतकाराचे नाव लिहावे, खालच्या वर्णनात लपवू नये. कवी माहीत नसेल तर ‘कवीचे नाव कळवा’ असे लिहावे. वस्तीतली एखादी आजी ते नक्की सांगेल.

दोन, डीजे मिक्स करा, नाचा, कुणी अडवत नाही. पण सहीचे कडवे कापू नका. जयंतीच्या बैठकीत डीजेला सुपारी देताना ही अट घाला. आवाजाच्या भिंतीचे भाडे आपण ठरवतो, तर ही अटही ठरवू शकतो.

तीन, चित्र गाण्यातून काढा. नायजेरियात फेला कुटीच्या २६ अल्बमची कव्हरे लेमी घारिओक्वू या चित्रकाराने केली. लष्कराची खिल्ली उडवणाऱ्या ‘झॉम्बी’चे कव्हरही त्याचेच. गाणे ऐकायचे, समजून घ्यायचे आणि मग त्यावर आपले भाष्य रंगवायचे, ही त्याची रीत. आपल्याकडे चित्रकार कमी आहेत का? सावी सावरकर, विक्रांत भिसे, मालविका राज, सिद्धेश गौतम यांची कामे उघडून पाहा. कलामहाविद्यालयांत शिकणारी आपली मुले आहेत, जयंतीचे बॅनर रंगवणारे पेंटर आहेत. एका गाण्याला एक चित्रकार, एवढे ठरवले तरी पाच वर्षांत आंबेडकरी चित्रकलेचे एक दालन उभे राहील.

चार, जुन्या कॅसेटची कार्डे वाचवा. घरातल्या पेटीत, विहाराच्या कपाटात ती अजून आहेत. कार्डाचा फोटो दोन्ही बाजूंनी काढा. मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत कवीचे, ढोलकीवाल्याचे, कोरसमधल्या बायांचे नाव असू शकते. अनेक गाण्यांसाठी तो एकमेव लेखी पुरावा असेल. कॅसेटची फीत खराब होते, भंगारवाला डबी नेतो, आणि पुरावा जातो.

२०१८ साली चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’चा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा गाना गाणारी वस्तीतली पोरे सूट घालून मंचावर आली. ज्या पोरांना लोक टपोरी समजत, ती बाबासाहेबांचा पोशाख घालून आली आणि गाणे सुरू होण्याआधीच अर्धी गोष्ट लोकांना कळली. तो सूट गाण्यातून आला होता, म्हणून तो सजावट वाटला नाही.

आपल्या शाहिरांनी उपाशी पोटी गाणी लिहिली आणि नाव शेवटच्या कडव्यात ठेवून दिले, पुढच्यांनी ते गावे म्हणून. ते कडवे कापायचे की चित्रावर ठळक लिहायचे, हे आता मोबाईल ज्याच्या हातात आहे त्याने ठरवायचे आहे. येत्या जयंतीला पहिले गाणे अपलोड करण्याआधी एवढेच विचारा: हे कुणी लिहिले?

जयभीम!